चौकटीबाहेरचं आधी वाचा

वाचकांचे प्रश्न : डोंगराळ भागाचे जुने सर्व्हे नकाशे

जुन्या टोपोशीटविषयी, म्हणजे सर्व्हेच्या तपशीलवार नकाशांविषयी, आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं इथे घेतली आहेत. बहुतेकांचा रोख मेळघाट आणि पचमढीच्या डोंगरांकडे आहे. नागपूरकरांच्या ट्रंकांमधून निघणाऱ्या शीटही बहुधा तिकडच्याच असतात.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत कापडावर चिकटवलेला, घडीचा एक नकाशा सापडला. वर ‘५५ जी/७’ असं लिहिलं आहे, मध्ये चिखलदरा आणि गाविलगड दिसतो. हा नकाशा कुठला, किती जुना? आणि अचलपूर अर्धवटच का आलं आहे? (धरमपेठ)

उत्तर : भारतीय सर्वेक्षण विभागाची ही एक इंच म्हणजे एक मैल प्रमाणाची शीट आहे. प्रमाण १:६३,३६०. क्रमांकातच नकाशाचा पत्ता असतो, त्यामुळे तो एकदा नीट फोडून पाहा. चार अंश लांब आणि चार अंश रुंद अशा चौकोनांना आकडे दिलेले आहेत. ५५ हा चौकोन उत्तर अक्षांश २० ते २४ आणि पूर्व रेखांश ७६ ते ८० यांच्यामधला. त्याचे एकेका अंशाचे सोळा तुकडे होतात, त्यांना ए ते पी अशी अक्षरं असतात. ही अक्षरं आपण ओळ वाचतो तशी आडवी जात नाहीत. वरून खाली ए, बी, सी, डी, मग शेजारच्या स्तंभात पुन्हा वरून ई, एफ, जी, एच. नवशिके हमखास इथेच चुकतात. ‘जी’ म्हणजे अक्षांश २१ ते २२, रेखांश ७७ ते ७८. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे, तेही वरून खाली मोजायचे. सातवा तुकडा म्हणजे २१°१५′ ते २१°३०′ आणि ७७°१५′ ते ७७°३०′.

आता अचलपूर. या शीटचा आग्नेय कोपरा २१°१५′ आणि ७७°३०′ वर येतो, आणि अचलपूर त्या कोपऱ्यापासून जेमतेम एक किलोमीटरवर आहे. म्हणून गाव आणि त्याचा शिवार ५५ जी/७, जी/८, जी/११ आणि जी/१२ अशा चार शीटांमध्ये वाटला गेला. अचलपूर-परतवाड्याचं काम करणाऱ्याला चारही घ्याव्या लागतात. याच हिशेबाने पचमढी आणि धूपगड ५५ जे/७ वर येतात आणि आपलं नागपूर ५५ ओ/४ वर. त्यातला ‘ओ’ हे अक्षर आहे, शून्य नव्हे. शून्य समजून मागणी नोंदवणारे दर वर्षी भेटतात.

नकाशाचं वय ठरवताना मधल्या चित्राकडे नंतर पाहा. चौकटीबाहेरच्या समासात निदान तीन वर्षं सापडतील : मोजणी झाली ते हंगाम, पहिली आवृत्ती निघाली ते साल, आणि तळाशी बारीक अक्षरांत शेवटच्या छपाईचं साल. ही तीन सालं एकमेकांपासून वीस-पंचवीस वर्षं दूर असू शकतात. १९४५ ला छापलेल्या शीटवरची पायवाट १९२५ ची असली तर नवल नाही. नव्या छपाईत बहुधा रस्ते आणि रेल्वे तेवढी सुधारून घेत. मोजणी वेगवेगळ्या हंगामांत झाली असेल, तर कुठला भाग कधी मोजला हे दाखवणारी छोटी आकृतीही समासात असते. उंचीचे आकडे फुटांत असतील तर शीट मेट्रिकपूर्व आहे. मेट्रिक मापांच्या १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू १:५०,००० च्या मीटरमधल्या शीट येऊ लागल्या. कापडावर लावताना कोणी समासच कापून टाकला असेल, तर नकाशाची जन्मपत्रिका गेली म्हणायची.

प्रश्न : शीट स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवली. चारही कोपरे बरोबर भरले, तरी ओढे आणि रस्ते उपग्रहचित्रापासून सरकलेले दिसतात. एका वेळी तर सगळं दहा किलोमीटर लांब गेलं. मित्राकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या शीटवर चार किलोमीटरची चूक येते. जुन्या लोकांची मोजणी इतकी कच्ची होती का? (महाल)

उत्तर : मोजणी कच्ची नव्हती. तुमच्या पत्रात तीन वेगळ्या चुका एकत्र आल्या आहेत, आणि प्रत्येकीचं माप वेगळं असल्यामुळे त्या ओळखणंही सोपं आहे.

दहा किलोमीटरची चूक टंकलेखनाची. ७७°१५′ हे ७७.१५ असं भरलं गेलं आहे. पंधरा मिनिटं म्हणजे पाव अंश, म्हणून ७७.२५ हवं. ७७.१५ म्हणजे ७७°०९′, सहा मिनिटं पश्चिमेला, आणि आपल्या अक्षांशावर रेखांशाची सहा मिनिटं सव्वादहा किलोमीटरच्या पुढे जातात.

चार किलोमीटरची चूक मद्रासची. जुन्या शीटवरचे रेखांश मद्रास वेधशाळेवरून काढलेले आहेत, आणि त्या वेधशाळेचा तेव्हा धरलेला रेखांश नंतरच्या अचूक मोजणीपेक्षा सुमारे अडीच मिनिटांनी जास्त निघाला. त्यामुळे अशा शीटवरचं सगळंच रेखांशात तेवढं पूर्वेकडे सरकलेलं असतं. मेळघाटाच्या अक्षांशावर एक मिनिट म्हणजे १.७३ किलोमीटर, तेव्हा फरक सव्वाचार किलोमीटरच्या आसपास येतो. किती मिनिटं आणि सेकंद वजा करायचे, ही टीप बऱ्याच शीटच्या समासात छापलेली असते. ती वाचून चारही कोपऱ्यांच्या रेखांशातून तेवढं वजा करा. अक्षांशाला हात लावू नका.

उरली सव्वाशे-दीडशे मीटरची चूक, आणि नेमकी हीच सगळ्यांना छळते. तुमची शीट पृथ्वीच्या आकारासाठी तेव्हा धरलेल्या एव्हरेस्ट लंबगोलावर आणि सिरोंजजवळच्या कल्याणपूरच्या मूळ स्थानकावर बेतलेली आहे. मोबाइल आणि उपग्रहचित्रं डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या जागतिक मापनपद्धतीवर चालतात. शीटवरचे अंश-मिनिट जसेच्या तसे डब्ल्यूजीएस म्हणून भरले, तर मेळघाटात नकाशा खऱ्या जागेपासून साधारण १२५ मीटर पूर्वेला आणि ८० मीटर दक्षिणेला जाऊन बसतो. तुमच्या सगळ्या वस्तू आग्नेयेलाच सरकलेल्या असतील, तर निदान पक्कं. चूक सगळीकडे सारखी आणि एकाच दिशेला असते, ही तिची खूण.

हे टाळायचं तर क्रम असा. स्कॅन ४०० डीपीआयवर करा. या प्रमाणात एक पिक्सेल जमिनीवरच्या चार मीटरएवढा होतो, आणि त्याहून बारीक करून हाती काही लागत नाही, कारण छापील रेघच वीस-पंचवीस मीटर जाड असते. जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे स्कॅन जागेवर बसवण्याच्या साधनात, लक्ष्यप्रणाली ईपीएसजी ४१४६, म्हणजे कल्याणपूर १९७५, निवडा. फक्त चार कोपरे घेऊन थांबू नका. शीटवर दर पाच मिनिटांच्या रेषा असतात, त्यांचे सोळा छेदबिंदू मिळतात, सगळे घ्या. ५५ जी/७ साठी रेखांश ७७.२५, ७७.३३३३, ७७.४१६७, ७७.५ आणि अक्षांश २१.२५, २१.३३३३, २१.४१६७, २१.५. रूपांतर पहिल्या घाताचं बहुपदी (पॉलिनॉमियल १) ठेवा. एखाद्या बिंदूची उरलेली चूक इतरांपेक्षा तिप्पट-चौपट दिसली, तर तो बिंदू चुकीच्या रेषेवर टिचकला गेला आहे किंवा कागदाची घडी तिथून गेली आहे. घड्यांचा आणि कापून कापडावर लावलेला नकाशा असेल, तर तुकड्यांमधल्या फटींमुळे साधं रूपांतर पुरत नाही. तेव्हा थिन प्लेट स्प्लाइन हे जागोजागी वेगळं ताणणारं रूपांतर घ्या आणि प्रत्येक तुकड्यावर बिंदू येतील असं पाहा.

नंतर नकाशा उपग्रहचित्रावर ठेवताना सॉफ्टवेअर रूपांतराचा पर्याय विचारतं. यादीत ‘बॉलपार्क’ असा एक पर्याय दिसू शकतो. तो घेतलात तर काहीच सरकत नाही आणि दीडशे मीटरची चूक जशीच्या तशी राहते. ज्या पर्यायाच्या तपशिलात २९५, ७३६ आणि २५७ हे तीन आकडे आहेत तो घ्या. एवढं करून वीस-तीस मीटरचा फरक उरला तर समाधान माना.

कागद आटला आहे का, हे मात्र स्कॅन करण्याआधी फुटपट्टीने तपासा. ५५ जी/७ ची डावी कड ४३.७ सेंटिमीटर आणि खालची कड ४१ सेंटिमीटर भरायला हवी. डावी कड दोन मिलिमीटर कमी भरली, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडं कमी, तरी सबंध उंचीत जमिनीवरचे सव्वाशे मीटर गेले. सोळा बिंदूंनी ही आटही बरीचशी भरून निघते. मोबाइलने फोटो काढून काम भागवायचं असेल तर निदान सरळ वरून, लांबून आणि झूम करून काढा. जवळून काढला की कडा फुगतात.

प्रश्न : मित्राच्या त्याच जुन्या शीटवर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) नाहीत, डोंगरांवर केसांसारख्या रेघा आहेत. त्यावरून उंची कशी काढायची? (महालच्याच वाचकाचा पुरवणी प्रश्न)

उत्तर : काढता येत नाही. त्या उताराच्या रेघा आहेत. पाणी ज्या दिशेने वाहील त्या दिशेने ओढलेल्या. जितका चढ उभा, तितक्या दाट. डोंगराचा आकार डोळ्यांपुढे येतो, आकडा येत नाही. आकडा फक्त त्रिकोणाची खूण असलेल्या स्थानकांपाशी मिळतो. समोच्च रेषांच्या रंगीत शीट १९०४-०५ च्या सर्वेक्षण समितीनंतर पद्धतशीर निघू लागल्या. चित्र म्हणून पाहायचं तर रेघांची शीट जास्त देखणी, हे मात्र कबूल करायला हवं. गाविलगडाचे कडे त्या रेघांत जसे उठून दिसतात, तसे तपकिरी समोच्च रेषांत दिसत नाहीत.

प्रश्न : नागपूरच्या झिरो माइलपासून देशातली सगळी अंतरं आणि उंची मोजली, असं ऐकत आलो. मग चिखलदऱ्याच्या शीटवरची उंची झिरो माइलपासून धरायची का? आणि मोबाइलवर उंची इतकी कमी का दाखवतात? (सीताबर्डी)

उत्तर : नाही. उंची समुद्रसपाटीपासून. झिरो माइलच्या आवारात चार घोड्यांच्या स्तंभाशेजारी जो ठेंगणा खांब आहे तो बघा. तो १९०७ चा जीटीएस (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) स्टँडर्ड बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची हजार फुटांहून थोडी जास्त आहे. म्हणजे तो स्वतःच दुसरीकडून मोजलेला बिंदू आहे, सगळ्यांचा शून्य नव्हे. देशभरची ही पातळी-मोजणी १९०९ मध्ये नऊ बंदरांवरच्या समुद्रपातळीशी जुळवून घेतली गेली. क्षैतिज अंतरांचं काम वेगळं, ते त्रिकोणांच्या साखळीचं. ती साखळी विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली. तो उत्तरेला येता येता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला आणि तिथेच त्याची कबर आहे. सर्व्हेची आवड असलेल्या नागपूरकराने झिरो माइलइतकंच हिंगणघाटही पाहायला हवं.

मोबाइलचा घोळ निराळा. काही ॲप उपग्रहाने दिलेली कच्ची, लंबगोलावरची उंची दाखवतात. आपल्या भागात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ-सत्तर मीटरनी कमी येते. ॲपमध्ये जिऑइड दुरुस्ती, म्हणजे उंची समुद्रसपाटीशी जुळवणारी सोय, चालू करा, फरक जाईल.

प्रश्न : आमचं गवळ्यांचं कुटुंब मेळघाटात तीन पिढ्यांहून जास्त काळ आहे. वनहक्काच्या दाव्यासोबत जुनी टोपोशीट लावता येईल का? शीटवर आमचं गाव आहे, पण स्पेलिंग भलतंच आहे. (मूळ चिखलदरा तालुका, सध्या हिंगणा रोड)

उत्तर : लावता येईल, आणि लावावीच. वनहक्क नियमांतल्या तेराव्या नियमात पुराव्यांच्या यादीत गॅझेटियर, जनगणना, सर्व्हे आणि सेटलमेंट अहवाल यांच्याबरोबर नकाशांचाही उल्लेख आहे. कोरकूंसारख्या अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. तुम्ही इतर पारंपरिक वननिवासींत येत असाल, तर त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य दाखवायचं असतं. हिशेब १९३० च्या डिसेंबरपर्यंत मागे जातो. तेव्हा छपाईचं साल पाहून खूश होऊ नका, मोजणीचा हंगाम १९३० पूर्वीचा आहे का ते पाहा. १९२६ ला मोजून १९४० ला छापलेली शीट उपयोगाची. १९३५ ला मोजलेली शीट तीन पिढ्यांच्या दाव्याला एकटी पुरणार नाही.

नकाशा काय सिद्ध करतो, याचीही मर्यादा ओळखा. त्या जागी वस्ती होती, विहीर होती, पिवळ्या रंगात दाखवलेली वहिती होती, एवढं तो सांगतो. वस्ती कोणाची, हे सांगत नाही. नियमही एकाहून अधिक पुरावे पाहायला सांगतो. म्हणून नकाशाला जनगणनेची गावयादी, जुन्या पावत्या आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब यांची जोड द्या. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो. तिथे इंटरनेटवरून काढलेल्या छापील पानापेक्षा प्रमाणित प्रतीला वजन असतं, आणि त्या प्रतीवर समास पूर्ण आलेला असू द्या, नाहीतर मोजणीचं साल सिद्धच होणार नाही.

हिरव्या रंगाचा अर्थ बरेच जण चुकीचा लावतात. तो झाडोरा दाखवतो, राखीव जंगलाची हद्द नव्हे. हद्दीची तुटक रेघ आणि ‘आरएफ’ (रिझर्व्ह्ड फॉरेस्ट) ही अक्षरं वेगळी शोधावी लागतात.

स्पेलिंगचं म्हणाल तर घाबरू नका. इंग्रजांच्या कागदांत चिखलदऱ्याचं ‘चिकल्डा’ आणि अचलपूरचं ‘एलिचपूर’ होतं. मोजणीदाराने कानावर पडलं ते लिहिलं, तेही कोरकू किंवा मराठी उच्चार इंग्रजीत बसवून. ‘ख’चा ‘क’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ढ’चा ‘र’ किंवा ‘ड’ होतो. नाव शोधण्यापेक्षा जागा शोधा : ओढ्यांचा संगम, टेकडीची उंची, शेजारच्या दोन गावांपासूनचं अंतर. या तिन्ही गोष्टी जुळल्या की नाव काहीही असो, गाव तेच. वसलेल्या आणि ओसाड गावांची खूण सूचीत वेगळी असते, तीही तपासा. बोरी, कोहा, कुंड यांसारखी व्याघ्र प्रकल्पातून बाहेर वसवलेली गावं आजच्या नकाशावर कोरी जागा असतील, जुन्या शीटवर मात्र विहिरीसकट सापडतील.

शेताच्या बांधाच्या भांडणात मात्र टोपोशीट नेऊ नका. एका मिलिमीटरमध्ये त्रेसष्ट मीटर मावतात. बांधासाठी भूमी अभिलेख कार्यालयाचा गाव नकाशा आणि मोजणीच लागते.

प्रश्न : जुन्या शीटवर गाविलगडाच्या दरीतून खाली उतरणारी पायवाट दिसते. सहा मैल भरते. पावसाळ्यानंतर मुलांना घेऊन चालायची आहे. वेळ किती धरावा? आणि घरी आल्यावर नकाशा जपायचा कसा, घडीवर चिरतो आहे. (मनीषनगर)

उत्तर : आधी परवानगी. या भागाचा बराचसा भाग व्याघ्र प्रकल्पात आणि राखीव जंगलात येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशावर वाट होती म्हणून आज तिथे चालण्याचा हक्क मिळत नाही. वन विभागाने वाट दाखवली नाही तर बेत बदला.

वेळेचा हिशेब : सहा मैल म्हणजे ९.७ किलोमीटर, पण दोऱ्याने मोजलेलं अंतर घाटात नेहमी कमी भरतं, कारण एवढ्या लहान प्रमाणात वाटेची सगळी वळणं काढता येत नाहीत. पाचवा हिस्सा वाढवून साडेअकरा-बारा किलोमीटर धरा. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त, हा जुना ठोकताळा धडधाकट माणसासाठी. मुलं बरोबर असतील तर दीडपट. चढ काढताना दोन समोच्च रेषांमधलं अंतर किती फुटांचं, हे समासात बघा. पन्नास आणि शंभर दोन्ही आढळतात, आणि शंभराला पन्नास समजलं की चढ निम्मा वाटतो. ओढ्यांबाबत एक खूण : निळी रेघ म्हणजे पाणी, काळी रेघ म्हणजे कोरडा पात्र. पण हे मोजणीच्या हंगामातलं पाणी, आणि मोजणी हिवाळा-उन्हाळ्यात होत असे. काळ्या रेघेला ऑक्टोबरात पाणी असू शकतं. तलावाच्या बांधापाशी किंवा विहिरीपाशी ‘१०आर’ असं दिसलं, तर ती समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. तो बांध आसपासच्या जमिनीपेक्षा दहा फूट उंच आहे, किंवा ती विहीर दहा फूट खोल आहे.

होकायंत्राला इथे फारशी दुरुस्ती लागत नाही, विदर्भात चुंबकीय फरक एका अंशाच्या आतच आहे.

आता जपणूक. नागपूरची हवा कागदाची वैरी आहे, कारण ती दोन टोकांना जाते. नवतप्यात कागद वाळून पापडासारखा होतो आणि घडीवर तुटतो. त्याच खोलीत कूलर चालू असेल तर रात्री तो ओल धरतो, दुपारी पुन्हा सुकतो. हे रोजचं फुगणं-आकसणं नुसत्या उन्हापेक्षा वाईट, विशेषतः कापडावर लावलेल्या नकाशाला. कागद आणि कापड वेगवेगळ्या गतीने हलतात आणि मधली खळ सुटते. म्हणून कूलरच्या खोलीत नकाशा ठेवू नका, भिंतीवर तर नकोच. ऑगस्टात उलट त्रास, बुरशी आणि कसर. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, महिन्यातून एकदा उघडून हवा द्या.

घडी मोडून सपाट ठेवा. शीट साधारण दीड-दोन फुटांची असते, प्लायवूडच्या दोन फळ्यांमध्ये आम्लविरहित कागद घालून पलंगाखाली मावते. लाकूड थेट नकाशाला लागू देऊ नका, डाग पडतात. चीर पडली असेल तर सेलोटेप लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि मग निघत नाही. मागच्या बाजूने पातळ जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, एवढंच. आधी शाई पाण्याने पसरते का, ते कोपऱ्यात ओल्या कापसाच्या टोकाने तपासा. हाताने भरलेले रंग किंवा कोणी पेनाने केलेल्या खुणा पसरतात. पसरत असेल तर पुढे जाऊ नका, कागद-संवर्धन करणाऱ्याकडे द्या. लॅमिनेशन कधीच नको, इस्त्री तर नाहीच.

रानात मूळ नकाशा नेऊ नका. स्कॅनची छपाई न्या, आणि छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडतं. छापून झाल्यावर समासातल्या मैलांच्या पट्टीवर फुटपट्टी लावा. एक मैल २.५४ सेंटिमीटर भरला पाहिजे.